मधुकररावांच्या मागोमाग

मधुकररावांनी फाटकाची कडी लावली, तशी शरयूनं चपला पायांत सरकवल्या. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारामागे थांबली आणि मग बाहेर पडली.

बाजारात भोवळ येऊन पडल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती एकटी वाण्याकडेही गेली नव्हती. मधुकरराव आधी रोज, सोबत चल, म्हणून मागे लागायचे. दिवाळीनंतर त्यांनी विचारणंच सोडलं. स्वतः मात्र उजाडलं की कॅनव्हासचे बूट चढवून, नीट भांग पाडून निघायचे. कुठे म्हणून विचारलं तर, "इथंच," एवढंच.

मग शेजारच्या भार्गवीनं सहज सांगितलं, की त्यांना अजिंक्यताऱ्यावर एका बाईशी बोलत बसलेलं तिनं दोनदा पाहिलं. शरयूला काही समजेना. तीस वर्षं दोघं साताऱ्यात राहत होते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज किल्ला दिसायचा. वर कधी कुणी गेलं नव्हतं. आता निवृत्त झाल्यावर या माणसाला तिथं काय सापडलं?

पहिल्या दिवशी ती वाटेवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत कशीबशी पोचली. छाती धडधडायला लागली, तशी परत फिरली. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरचं वळण गाठलं. मधुकरराव फार पुढे कधी जात नसत. मधेच बुटाची नाडी बांधत, दरीकडे बघत उभे राहत. मागे मात्र एकदाही वळून पाहत नसत. ती घाणेरीच्या जाळीआड थांबे आणि धाप ओसरली की पुन्हा निघे.

पाचव्या दिवशी एक मुंगूस तिच्या पुढ्यातून वाट ओलांडून गेलं. खाली धुक्यातून घरांची कौलं एकेक करून वर येत होती. त्यांत आपलं कुठलं, हे शोधता शोधता ती हसली आणि दचकली. नवऱ्यावर पाळत ठेवायला आलेल्या बाईनं हसावं? आपण चिडलोय की मजेत आहोत, हेच तिला उमजेना. रात्री तिला गाढ झोप लागली.

नवव्या दिवशी ती किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरली.

मधुकरराव एका दगडावर बसले होते. शेजारी नऊवारीतली एक बाई ताकाचं मडकं घेऊन बसली होती. दोघं हळू आवाजात बोलत होते आणि मधुकरराव हसत होते. घरात ते असे हसलेले तिला आठवेना. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ह्या कोण?" तिनं विचारलं.

मधुकरराव तिच्याकडे बघत राहिले, मग तोंड फिरवून सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसायला लागले.

ती बाईच उठली. पदरानं दगड झटकून तिनं जागा करून दिली.

"बसा बाई," ती म्हणाली. "कालच सायेब म्हनलं, आता थोडंच ऱ्हायलंय, उद्या वर पोचतीया ती."