असलं तोंड

साखरबाई पाटलिणीच्या सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या, तसा शिरूरच्या मिशन दवाखान्यात टांगा गेला आणि दोन नर्सबाईंना घेऊन आला. दयाबाईंच्या हातून वीस वर्षांत शेकडो बाळं सुखरूप जन्मली होती, पण लहानपणी आलेल्या देवींनी त्यांचा चेहरा पार खडबडीत करून टाकला होता. राहेल महिन्यापूर्वीच शिकून आलेली, गोरीपान, नाकीडोळी नीटस.

साखरबाईंनी उंबऱ्यातच राहेलचा हात धरला. "तुम्ही या आत." मग दयाबाईंकडं न बघताच म्हणाल्या, "तुम्ही ओसरीवर बसा. अशा येळंला पोटुशीनं असलं तोंड बघू न्हाई. पोर तसंच निपजतं."

ऊन अंगणभर झालं. आतल्या किंकाळ्या वाढत गेल्या, तरी दयाबाईंना कुणी हाक मारीना. शेवटी राहेलच रडत बाहेर आली.

"बाई, बाळ आडवं आलंय. मला न्हाई जमत."

दयाबाई साखरबाईंना बाजूला सारून आत शिरल्या. त्यांनी हातानं बाळ फिरवलं, सोडवलं. आईही वाचली. निळं पडलेलं लेकरू त्यांच्या हातांत टाहो फोडून रडलं.

साखरबाई लगबगीनं पुढं आल्या. "लई उपकार झालं, बाई. आता डोळं उघडायच्या आत त्याला राहेलबाईंजवळ द्या. पहिली नजर चांगल्या तोंडावर पडू द्या."

दयाबाईंनी बाळ उराशी घट्ट धरलं.



"उघडू द्या की डोळं! या घरात माझ्याकडं नीट बघणारं एक तरी माणूस असू द्या."