चादर नको

"चादर नको," डॉक्टर समिधा म्हणाली.

द्वारकासिस्टर अर्धी उलगडलेली चादर हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नवघरच्या त्या लहानशा हॉस्पिटलात लहान मुलांच्या ड्रेसिंगची रीत ठरलेली होती. पोराला चादरीत गच्च गुंडाळायचं, बापाला पाय दाबायला लावायचं, 'काही दुखणार नाही' म्हणायचं आणि पट्टी ओढायची. त्यात दुष्टावा नव्हता. लवकर उरकणं हीच दया, असं सिस्टरना मनापासून वाटायचं.

टेबलावर सहा वर्षांची चांदणी भिंतीला चिकटून बसली होती. बापाच्या बाइकवरून उतरताना पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला होता. बाप, शिवदास, दारातच घुटमळत होता.

"या ना, तिच्याजवळ बसा."

"मी न्हाय धरनार," तो म्हणाला. "मंगलवारी सिस्टर बोलल्या धरा, म्हनून पाय धरले. तवापासून पोरगी माझ्याजवल येत न्हाय. मी घरात आलो का उठून जाते."

चांगला धिप्पाड गडी, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"धरायचं नाहीच आहे." समिधाने त्याच्या तळहातावर कापसाचा बोळा ठेवला. "हा हात तिच्यासमोर ठेवा. बाकी काही करू नका."

मग ती चांदणीसमोर स्टुलावर बसली. "दुखणार आहे."

चांदणीने पहिल्यांदाच मान वर केली. इतके दिवस सगळी मोठी माणसं तिच्याशी धडधडीत खोटं बोलत आली होती.

"दुखलं की पप्पांच्या हातावरचा कापूस फुंकून उडवायचा. हळू, लांब फुंकर. आणि तू थांब म्हटलंस की मी थांबणार."

"खरंच?"

"खरंच."

"मॅडम, अशाने रांग केबिन रोडपर्यंत जाईल," सिस्टर पुटपुटल्या.

समिधाने पट्टी सलाइनने भिजवली आणि टोक चांदणीच्याच हातात दिलं. थोडी पट्टी सुटली. "थांब!" समिधा थांबली. कापूस उडून खाली पडला. सिस्टरनी नाइलाजाने दुसरा बोळा दिला. पुन्हा थोडी पट्टी, पुन्हा "थांब!", पुन्हा कापूस.

शेवटी पट्टीखालची, जखमेला चिकटलेली बोटभर जाळी उरली. तिथे चांदणीचा हात धजेना, म्हणून समिधाने चिमटा उचलला. पोर रडत होती, पण जागची हलली नव्हती. बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं.

"एक झटका द्या मॅडम, सुटेल बिचारी," सिस्टर म्हणाल्या.

खरं तर समिधालाही तो मोह झाला. क्षणाचंच काम होतं, आणि रांगही मिटली असती.

"थांब," चांदणी म्हणाली. या वेळी ओरडून नाही. डोळे रोखून, पारखून बघितल्यासारखं.

समिधाने चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि दोन्ही हात वर केले. "थांबले."

"मॅडम!"

"झटका आपल्याला बसत नाही, सिस्टर. बाहेर सांगा, उशीर डॉक्टरमुळे होतोय."

चांदणी बराच वेळ त्या वर केलेल्या हातांकडे बघत राहिली. मग तिने बापाचा पंजा दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ ओढला.

"आता," ती म्हणाली, आणि तिने फुंकर घातली.

जाळी निघाली.

नवी पट्टी बांधून झाल्यावर शिवदासने भीतभीतच हात पुढे केले. चांदणी त्याच्या कडेवर चढली. त्याने तोंड भिंतीकडे वळवून डोळे पुसले.

दार उघडलं. हाताला बँडेज बांधलेल्या एका मुलाला त्याची आई आत ढकलत होती. "काही दुखणार नाही हां, राजा." सिस्टरचा हात सवयीने चादरीकडे गेला.

चांदणी बापाच्या कडेवरून खाली वाकली.

"दुखतं," तिने त्या मुलाला सांगितलं. "पण थांब बोलायचं. थांबावंच लागतं त्यांना."