दोन बटणं

"डिलीट आणि सेव्ह, दोन्ही बटणं एकाच रंगाची कशी?" परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं. खाली आणखी काही जणांनी तीच री ओढलेली. एकाची तर घाईत फाइलच उडाली होती.

उमंगचं डोकं फिरलं. कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीसाठी केलेली ही थीम त्याने आदल्याच दिवशी सगळ्यांना फुकट खुली केली होती. खिडक्या, बटणं, फोल्डर, सगळे रंग पापडी गावातल्या आपल्याच वाडीतून नजरेने टिपलेले. केळीच्या पानाचा हिरवा, सोनचाफ्याचा पिवळा, आणि डिलीटला जास्वंदीचा लाल. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तो घरीच होता, तेवढाच विरंगुळा. आधीची थीम तर लोकांनी डोक्यावर घेतली होती.

"ओवी, इकडे ये जरा. यातलं लाल बटण कुठलं?"

ओवी, त्याची धाकटी बहीण, केस पुसत आली. स्क्रीनकडे बघून हसली.

"लाल कुठेय, दादा? दोन्ही हिरवीच. हे जरा शेवाळासारखं, एवढंच."

"मस्करी नको हां."

"आईशपथ."

स्क्रीन गंडला असेल म्हणून त्याने तिच्या मोबाइलवर थीमचा फोटो उघडायला लावला. तिथेही तेच. मग ओवीनेच माउस घेतला आणि रंगाची पट्टी हळूहळू सरकवत नेली.

"हा बघ. हा आला लाल."

उमंग बघत राहिला. बटण मघाशी होतं तसंच होतं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. त्याने वर पाहिलं.

"आई, तू आज काळी टिकली लावलीस?"

"काळी कशाला लावू रे?" सावित्री कपाळाला हात लावत म्हणाली. "कुंकू आहे. रोजचंच."

ओवीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"दादा, गोळ्या देताना सिस्टर काय बोलल्या होत्या? नजरेत काही फरक वाटला तर लगेच कळवा."

"पण मला नीट दिसतंय! वाचतोय ना मी सगळं?" तो ओरडला. आणि मग त्याला आठवलं. गेल्या काही दिवसांत डेस्कटॉपवरची अक्षरं त्याने दोनदा मोठी केली होती. दोन्ही वेळा वाटलं होतं, अशीच छान दिसतात.



ओवीने तिथूनच टीबीच्या डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एकाच गोळीचं नाव घेतलं. "ती आजपासून बंद. बाकीच्या चालू ठेवा. आणि आत्ताच्या आत्ता डोळे दाखवा." सावित्रीने एवढं शेवटचंच ऐकलं. घरच्या साडीवरच ती रिक्षात येऊन बसली.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई वयस्कर होत्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत खोलवर पाहिलं, बराच वेळ.

"लवकर आलात, ते बरं केलंत. गोळी थांबवली की बहुतेकांची नजर परत येते. पण कधी आणि किती, ते मी आज नाही सांगू शकत."

मग त्यांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक त्याच्यासमोर धरलं.

"यात कोणता आकडा दिसतो?"

उमंगने ते जवळ घेतलं, लांब धरलं, मान तिरकी करून पाहिलं. ठिपके होते. नुसतेच ठिपके.

मागच्या खुर्चीतून दबका आवाज आला, "चौऱ्याहत्तर."

"आई, तुम्ही नका ना सांगू," डॉक्टर म्हणाल्या.

सावित्रीने पदर तोंडावर दाबून धरला. डॉक्टरांनी पान उलटलं. उमंगने डोळे बारीक केले. भिंतीवरचा पंखा तेवढा इकडून तिकडे फिरत होता.

"सहा, बाळा," पदराआडून ती कुजबुजली. "सहा म्हण."