भरला गं!

"गाडीचा इन्शुरन्स भरलास का?" बायको महिनाभर विचारत होती, आणि तो महिनाभर "भरला गं!" म्हणत होता. आज चौकात हवालदाराने गाडी अडवली, तेव्हा ती बिनधास्त म्हणाली, "जा, दाखव कागद. कर नाही त्याला डर कशाला?"

तो उतरला आणि खालमानेने पुटपुटला, "इन्शुरन्स संपलाय साहेब. फक्त बायकोसमोर बोलू नका."

हवालदाराने गुपचूप मशीनवर दंड टाकला आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "ठीक आहे, जा."

"बघितलंस?" ती हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. गाडी तिच्या नावावर होती. दंडाचा मेसेज तिलाच आला.



तिने वळून मागच्या सीटवर झोपलेल्या लेकीचा सीटबेल्ट पुन्हा एकदा ओढून पाहिला.