हसण्यापुरती सवलत

मानवाने मृत्यूला कायमचे हरवले, असे हृदयालयाच्या दारावर संगमरवरात कोरले होते. आत इंदुमती शेटे यांचे यंत्रहृदय महिन्यात चौथ्यांदा ट्रिप झाले होते, कारण त्या हसल्या. हसताना छातीतला पंप थरथरे, संरक्षणयंत्रणा तो बंद करी आणि राखीव जोडपंप सुरू होईपर्यंत बाई भुईवर. डॉक्टरांनी हसणे वर्ज्य केले.

शेवटी पाणीपुरवठ्यातले निवृत्त फिटर दगडू लोहार यांना बोलावले. आकडे बघून ते म्हणाले, "अलार्म आणि ट्रिप एकाच आकड्यावर बसवलेत. अहो, आधी हाक मारायची, मग हात धरायचा."

"मग ट्रिप कितीवर ठेवू?" डॉक्टरांनी विचारले.

"बाईंनाच विचारू." दगडूंनी ट्रिप तात्पुरती सोडवली. "ताई, मोकळेपणी हसा."

"उगाच कशी हसू?"

"मघाशी डॉक्टरांनी मला विचारलं, पंप उपाशीपोटी तपासायचा का?"

बाई पोट धरून हसल्या. दगडूंनी थरथरीचा आकडा टिपला, अलार्म होता तिथेच ठेवला, ट्रिप टिपलेल्या आकड्याच्या बरीच वर नेली, थरथर दहा सेकंद टिकली तरच पंप बंद व्हावा अशी सवलत दिली आणि यंत्रणा पुन्हा जोडली. अलार्म शिट्टी मारू लागला; बाई अजून हसतच होत्या, आणि उभ्या होत्या. डॉक्टरांनी दगडूंना वाकून नमस्कार केला.

"भाऊ," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अलार्मचा आवाज तेवढा बदला. कुकरची शिट्टी समजून मी दर वेळी गॅस बंद करायला धावेन."