काठमांडूला खबर

“लाव फोन,” भामाबाई म्हणाल्या. “आणि नीट बोल. मध्येच हसलास तर सगळं वाया जाईल.”

दत्तोबाला हसू कुठलं यायला! काचीगुडा स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथमध्ये, कपाटाएवढ्या काचेच्या खोलीत, माय मेल्याची खबर तो धाकट्या भावाला देणार होता. आणि माय खांद्याला खांदा लावून शेजारी उभी होती. तीही ठेवणीतली हिरवी साडी नेसून.

काल सकाळी गच्चीवर डाळ वाळत घालताना भामाबाईंच्या डोक्याला कावळा शिवला होता. कावळा शिवलेला माणूस फार दिवस राहत नाही. त्यावर तोड एकच. रक्ताच्या माणसाला मेल्याची खोटी खबर द्यायची. तो रडला की मरण त्या खबरीवरच भागतं. मग लगेच खरं सांगून टाकायचं. पूर्वी यासाठी कार्ड टाकत. आता गल्लोगल्ली फोन झाले होते.

“निजामाबादच्या मावशीला कळवू की,” दत्तोबा आधी म्हणाला होता.

“ती? ती मांजर मेलं तरी छाती बडवते. तिच्या रडण्यानं काय व्हायचंय! शिवाला कळव. माझ्यासाठी पोटातून रडेल तर तोच.”

“आणि मी?”

“तुला काय सांगायचं? तू तर समोरच आहेस.”

दत्तोबा जन्मभर समोरच होता. शिवराज तीन वर्षांपूर्वी कंप्यूटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला. नोकरीचा करार संपला, सामान पुढे आलं, शिवराज मात्र आला नाही. मित्रांबरोबर सिंगापूर झालं, बँकॉक झालं. हा येतो, हा आलो, म्हणता म्हणता महिना गेला आणि आता स्वारी नेपाळात होती. सगळं जग पालथं घालून उंबऱ्याशी आलेलं पोर नेपाळात कसं काय अडकतं, हे भामाबाईंना काही केल्या कळत नव्हतं. त्याच्या आवडीचे धपाटे त्यांनी दोनदा करून दोनदा शेजारी वाटले होते.

काल रात्रभर भामाबाई झोपल्या नव्हत्या. मरणाची भीती होतीच. पण पोराला उगाच रडवणार, याचं त्यांना जास्त लागलं होतं. “तो रडायला लागला की फोन माझ्याकडे दे,” त्यांनी तीनतीनदा बजावलं होतं. “एक क्षणही जास्त नको. लेकराचं काळीज फाटेल रे परमुलखात!”

फोन लागला. काठमांडूच्या हॉटेलवाल्याने शिवराजला बोलावून आणलं.

“शिवा...” दत्तोबाने रिसीव्हर घट्ट धरला. “शिवा, माय गेली रे.”

भामाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

“कधी?” शिवराजने विचारलं.

“आज पहाटे.”

“हं.” मग आवाज आला, खणखणीत. “दादा, आज विमान मिळालं तरी उद्याच्या आत मी पोचत नाही. माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या. आमचं उद्यापासून डोंगरात जायचं ठरलंय, आठ दिवस. पुन्हा इकडे कधी येणं होणार? तेराव्याला पोचतोच मी. दादा, ऐकतोयस ना?”

हा शिवा बोलतोय? मायच्या कुशीत बारा वर्षांचा होईतो झोपणारा? दत्तोबाने रिसीव्हर कानावर अजून दाबला. एक शब्द बाहेर जायला नको.

“रडला का?” भामाबाई कुजबुजल्या.

दत्तोबाने मान हलवली. “रडतोय,” एवढंच तो कसंबसं म्हणाला.

भामाबाईंनी रिसीव्हर हिसकूनच घेतला.

“शिवा! अरे मी बोलते, माय! जित्ती आहे रे मी, मला काय धाड भरलीय! कावळा शिवला होता बघ, म्हणून... अरे अरे, असं लहान लेकरासारखं रडतात का? पूस बघू डोळे. माझी शपथ आहे तुला. किती रडशील? हो रे, हो. ये सावकाश. थंडीचं कानाला बांधत जा.”

दत्तोबा बघतच राहिला. आपल्याशी कोरडं बोलला, पण मायचा आवाज ऐकला आणि गडी फुटला की! शेवटी रक्तच ते. आपण उगाच पोराबद्दल वाईट मनात आणलं, म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली. त्याचे डोळे भरून आले.

भामाबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि काचेचं दार ढकललं. बाहेर तिघेचौघे नंबर लावून उभे होते. “फार रडला बाई,” त्या त्यांनाच सांगू लागल्या. “आवाज फुटेना लेकराला.”

बूथवाले अझीमभाई टेबलामागून उठले.

“क्या भाई, फिर से मिलाऊँ? अम्मा हाथ में लिए और लाइन कट गई ना. मैं इशारा करा, तुम लोगां देखेइच नहीं.”

दत्तोबाने मायकडे पाहिलं.

“माय, म्हणजे तू इतका वेळ... आणि त्याला अजून वाटतंय की तू...”

“मिलाऊँ क्या अम्मा?” अझीमभाईंनी रिसीव्हर उचलला.

“नक्को,” भामाबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दत्तोबाचा दंड धरला. “तेराव्याला येतो म्हणाला ना? येऊ दे.”