बिट्टीचा डबा

"आजही नाही सापडला," चहाचा कप पुढे ठेवत वहिनी म्हणाली. "चौघं आले होते. पुलाच्या कठड्याखाली हात घालघालून दमले आणि हात हलवत गेले."

धाकट्याने कप उचलला. "वहिनी, सोडा ना आता तो नाद. दादा गेला, त्याचा डबाही जाऊ दे."

"यांनी शेवटची ठेवलेली वस्तू आहे ती, भाऊजी. अशी कशी जाऊ देऊ?"

नाद खरा दादाचा. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवायचा, जागेची खूण इंटरनेटवर टाकायची आणि अनोळखी लोकांनी फोन नाचवत तो हुडकायचा, असा हा खेळ. ज्याला सापडेल त्याने आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. पोटची पोर गेल्यावर दादाने त्यातच मन रमवलं. मोठी माणसं लपाछपी खेळतात म्हणून धाकटा त्याची थट्टाही करायचा. अंथरुणाला खिळण्याआधी दादाने एक डबा जुन्या कालव्याच्या धरणापाशी लपवला, असं तो गेल्यावर वहिनीने सांगितलं. फोनवरचा ठिपका माणसाला धरणापर्यंत आणून सोडायचा. पुढे एकच ओळ होती: 'जिथे बिट्टी शेवटची उभी होती, तिथे शोधा.'

बिट्टी कोण, हे धरण बघायला येणाऱ्या परक्यांनाही कळायचं, कारण धरणावरच्या पुलावर तिच्या नावाचा बाक होता. तिची हकिकत तर सगळ्यांना तोंडपाठ. दुपारी घर झोपलेलं असताना पोर एकटीच पुलावर गेली आणि कठड्यावरून वाकून बघताना तोल गेला. धाकट्याने गच्चीवरून पाहिलं, ओरडत धाव घेतली, पण तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुलाचं फाटक उघडं टाकलं म्हणून फाटकवाल्याची नोकरी गेली. "अहो, मी कुलूप लावलं होतं," असं तो बिचारा ज्याला त्याला किल्ली दाखवून सांगत राहिला. त्याचं कोण ऐकतंय!

तेव्हापासून धाकट्याने वाहत्या पाण्याची धास्तीच घेतली होती. बेसिनचा नळ सुरू राहिला, तरी त्याला त्यातून "काका, बघ ना" असं ऐकू यायचं. मग तो घरभर फिरून सगळे नळ करकचून बंद करायचा. बायको त्याला नळांचा पहारेकरी म्हणायची. तिच्याबरोबर तोही हसायचा, पण रात्री कूस बदलत पडून राहायचा.

आणि आता हा डबा. दादाने आत काय ठेवलं असेल? शेवटच्या दिवसांत दादा त्याच्याकडे टक लावून बघायचा, काही विचारायचं असल्यासारखा, आणि न विचारताच भिंतीकडे तोंड फिरवायचा. ते जे काही होतं, ते वहिनीच्या हाती पडता कामा नये. एक धक्का सोसून ती आधीच अर्धी झाली होती.

"उद्या मी ताईकडे जाऊन येते," कप उचलता उचलता वहिनी म्हणाली. "संध्याकाळ होईल यायला."

"अवश्य जा. तेवढाच तुम्हाला बदल."

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून धाकटा धरणावर गेला. पुलावर चिटपाखरू नव्हतं. बिट्टीच्या बाकावर वाळकी पानं पडली होती. पुलावर सगळ्यांचं बघून झालंच होतं, म्हणून तो तिथे थांबला नाही. सांडव्याला वळसा घालून, काटेरी झुडपं हाताने बाजूला सारत तो पलीकडच्या जुन्या पायऱ्यांकडे गेला. गाळ काढणारी माणसं पूर्वी तिथून पाण्यापर्यंत उतरायची. आता तिथे पायऱ्या आहेत, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

दगडांवर शेवाळ माजलं होतं. एका जागी पाय घसरला, तेव्हा न बघताच हात मागे नेऊन त्याने भिंतीतली लोखंडी कडी धरली. खाली पाणी दगडांना धडका देत होतं.

काका, बघ ना.

इथे तो आवाज अगदी कानाशी आला. "नको गं, बिट्टी," तो पुटपुटला. तरी तो उतरत राहिला.

शेवटच्या पायरीखालच्या फटीत त्याने हात घातला आणि बोटांना पत्रा लागला. डबा! त्याने घाईघाईने झाकण उघडलं. आत एक वही होती आणि एक पेन्सिल. त्याने पानामागून पान उलटलं. वही कोरी करकरीत होती. दादाने एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. तिथेच बसकण मारून तो हुंदके देऊन रडला. सख्ख्या भावाबद्दल काय काय मनात आणलं आपण, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली.

"सापडला का, भाऊजी?"

त्याने दचकून वर पाहिलं. वरच्या पायरीवर वहिनी उभी होती. तिच्या मागे, ती जुनी किल्ली मुठीत धरून, फाटकवाला.

"वहिनी! तुम्ही तर ताईकडे... हो, सापडला. दादाने इथे ठेवला होता बघा."

"यांनी नाही. मी ठेवला." तिचा आवाज चढला नाही. "लिहा ना नाव. पहिला मान तुमचा."

पेन्सिल त्याच्या बोटांतून निसटली आणि पाण्यात पडली.

"इतकी माणसं येऊन गेली," वहिनी म्हणाली, "पण सगळी पुलावरच शोधत बसली. माझी बिट्टी पुलावर होती, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"